मोटारीचा मोतद्दार

मोटार दाराशी येऊन थांबली, मालकाने किल्ली काढून खिशात टाकली आणि दार लावून तो जिना चढू लागला, म्हणजे त्या मोटारीचा त्या दिवसापुरता कारभार आटोपला, असे आपण सारे जे गृहीत धरून चालतो, त्यास सुरुंग लावणारे एक यंत्र आहे. ते तळहातावर मावेल एवढे असते, आणि त्यास टर्बो टायमर म्हणतात. किल्ली निघाली तरी हे यंत्र एंजिनास बंद पडू देत नाही. मालकाने नेमून दिलेली मुदत, मग ती अर्ध्या मिनिटाची असो वा पाच मिनिटांची असो, पुरी होईपर्यंत ते एंजिन मंद चालू ठेवते, तांबड्या आकड्यांत एकेक सेकंद उलट मोजीत बसते, आणि शून्यावर आल्याबरोबर कोणाची परवानगी न मागता सारा व्यवहार बंद करून टाकते.

सरदार-जहागीरदारांच्या काळी लांबची दौड करून आलेला घोडा तसाच तबेल्यात नेऊन बांधीत नसत. स्वार उतरून बैठकीत जाई, लोडाशी टेकून पानाचे तबक पुढे ओढी, आणि बाहेर मोतद्दार त्या फेसाळलेल्या जनावरास लगामी धरून अंगणात सावकाश फेऱ्या घालवी. घाम सुकून श्वास ठिकाणावर आल्याखेरीज तो त्यास ना पाणी दाखवी, ना चंदी. टर्बो टायमर हा मोटारीचा मोतद्दार होय. फरक इतकाच, की तो जुना मोतद्दार घोड्याच्या प्रकृतीसाठी ठेवलेला असे, आणि हा नवा प्रामुख्याने मालकाच्या समाधानासाठी ठेवलेला असतो, असे माझे मत पुष्कळ निरीक्षणाअंती बनले आहे.

आता ज्या टर्बोची एवढी बडदास्त ठेवावयाची, तो मुळात काटकसरीच्या बुद्धीतून जन्मास आला, हे ऐकून मराठी वाचकास त्याच्याविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही. इंधन जाळून जी शक्ती उत्पन्न होते, तिचा सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर नळकांड्यातून बाहेर जातो. हा नुकसानीचा व्यवहार आल्फ्रेड ब्यूखी नामक एका स्विस अभियंत्यास सहन झाला नाही, आणि त्याने १९०५ साली असे पेटंट मिळविले, की बाहेर जाणाऱ्या या तप्त वायूकडूनच एक चक्र फिरवून घ्यावे, त्या चक्राच्या आसाच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र बसवावे, आणि त्याकरवी बाहेरची हवा दाबून एंजिनाच्या पोटात कोंबावी, म्हणजे तेवढ्याच आकाराचे एंजिन अधिक इंधन जाळून अधिक काम करील. टाकाऊ धुराकडून वेठबिगार घेण्याची ही युक्ती प्रथम जहाजांच्या एंजिनांस आणि उंचावर विरळ हवेत धापा टाकणाऱ्या विमानांस मानवली. मोटारीत ती यावयास १९६२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी अमेरिकेत टर्बोच्या ज्या दोन मोटारी विक्रीस आल्या, त्यांपैकी ओल्ड्समोबाइल जेटफायर ही विशेष मानी होती. दाबलेल्या हवेमुळे एंजिनात अकाली स्फोट होऊ नयेत म्हणून तीस पाणी आणि मिथेनॉल यांचे एक मिश्रण पाजावे लागे, आणि त्या मिश्रणास ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’ असे पराक्रमी नाव दिलेले होते. परंतु मोटारीच्या मालकास पेट्रोल भरण्याची आठवण राहते ती गाडी रस्त्यात अडते म्हणून. जे न भरल्याने गाडी अडत नाही, केवळ मंदावते, ते भरण्याची आठवण कोणत्याही खंडातल्या मनुष्यास राहत नाही. मालक ते तीर्थ भरण्यास विसरू लागले, तीर्थ संपताच एंजिन आपला दाब आपणच आवरून धरू लागले, आणि अखेर कित्येक मालकांनी तो टर्बो उतरवून त्याच्या जागी साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. टर्बोची आणि मनुष्यस्वभावाची पहिली गाठ पडली, तेव्हा जिंकला मनुष्यस्वभाव.

पुढे युक्त्या सुधारल्या. जर्मनीत १९७३ साली बीएमडब्ल्यूने आणि त्यानंतर पोर्शने टर्बोच्या मोटारी काढल्या, जपानात १९७९ साली निस्सानची सेड्रिक टर्बो आली, आणि ऐंशीच्या दशकात मोटारीच्या पाठीवर ‘टर्बो’ ही अक्षरे रायबहादूर किताबाच्या इतमामाने झळकू लागली. मात्र तीर्थ गेले तरी एक पथ्य शिल्लक राहिले.

ते पथ्य समजून घ्यावयाचे तर टर्बोच्या संसारात थोडे डोकावले पाहिजे. एंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेत असता टर्बोचा आस लाख-दीड लाख फेरे घेत असतो. त्याच्या एका अंगास डिझेल गाडीत सात-आठशे आणि पेट्रोल गाडीत नऊशेच्याही वर अंश सेल्सिअस तापलेला वायू, दुसऱ्या अंगास बाहेरची थंड हवा, आणि या दोहोंमध्ये त्यास सांभाळणारा आधार कोणता, तर तेलाचा एक अतिशय पातळ पापुद्रा, ज्यावर तो आस अक्षरशः तरंगतो. हे तेल एंजिनाच्या पंपाकडून अखंड येत असते आणि येताना वंगण, जाताना उष्णता, असा दुहेरी हमालीचा धंदा करते. आता घाट चढून आलेल्या मनुष्याने मुक्कामी येताच किल्ली फिरविली, की एंजिन थांबते, एंजिनाबरोबर पंप थांबतो, तेलाचा पुरवठा तहकूब होतो. पण टर्बोचे तापून लाल झालेले कवच काही किल्ली फिरविल्याने थंड होत नाही. त्यातली धग आतल्या आधाराकडे झिरपते, तेथे अडकलेले तेल करपून त्याचा कोळसा होतो, आणि हा कोळसा पुढे तेलाचे मार्ग अडवून त्या लाख फेऱ्यांच्या आसास अकाली सद्गती देतो. म्हणून गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तकात असा हुकूम असे, की जोरात गाडी चालविल्यानंतर एंजिन बंद करण्यापूर्वी ते एखादे मिनिट मंद चालू द्यावे.

एक मिनिट! ऐकावयास ही किती क्षुल्लक मुदत वाटते! पण ज्या मनुष्याने पुण्यास दहा मिनिटे आधी पोहोचावे म्हणून वाटेत चाळीस मालमोटारींस मागे टाकण्याचे साहस केले, त्यास पोहोचल्यावर त्या दहांतले एक मिनिट मोटारीत स्वस्थ बसून घालविण्यास सांगणे हा त्याच्या सबंध जीवनदृष्टीचाच अवमान होय. शिवाय ते मिनिट एकट्याने काढावयाचे असते. मुले दारे उघडून केव्हाच पळालेली असतात, मागच्या डिकीतून पिशव्या काढावयाच्या असतात, आणि कुटुंब दारात उभे राहून, “अहो, उतरताय ना? की तिथंच जेवायचंय?” असा सवाल करीत असते. मालमोटारीचा चालक या बाबतीत सुखी. ढाब्यावर गाडी लावली, की तो एंजिन तसेच घुरघुरत ठेवून खाली उतरतो, टायरांवर चार लाथा मारून पाहतो, दोर चाचपतो, तोंड धुतो, आणि मग सावकाश वर हात घालून ते बंद करतो. त्याला घाई ही गोष्टच मुळात ठाऊक नसल्यामुळे पथ्य आपोआप पाळले जाते. प्रश्न उरतो तो घाईच्या मनुष्याचा, आणि त्याच्याकरिता जपानी कारखानदारांनी टायमर काढला. म्हणजे वेग मालकाने उपभोगावा आणि धीर यंत्राने धरावा, अशी श्रमविभागणी झाली.

आमच्याकडे १९९८ साली टाटांची सफारी टर्बोडिझेल एंजिन घेऊन आली, पुढे स्कॉर्पिओ आली, आणि टर्बो हा शब्द मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात बोलला जाऊ लागला. माझ्या एका स्नेह्यांनी त्या सुमारास सफारी घेतली. हे गृहस्थ सरकारी खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेले. लेखी सूचना ही पाळण्यासाठीच असते, अशी श्रद्धा बाळगणाऱ्या विरळ पिढीतले. त्यांनी माहितीपुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले, मिनिटभर बसण्याचे कलम तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित केले, काही दिवस ते प्रामाणिकपणे पाळले, आणि मग परदेशी असलेल्या भाच्याकरवी एक जपानी टायमर मागविला.

तो बसविण्याचा विधी पुण्यात नाना पेठेत झाला. जपानी मोटारींसाठी या यंत्राबरोबर तयार जोडणी मिळते. कपलरमध्ये कपलर घातला, की काम झाले. सफारीची दखल त्या जपानी कारखान्याने घेतलेली नसल्यामुळे स्टिअरिंगखालील तारांचे जुडगे उघडून, किल्लीच्या स्विचकडे जाणारी नेमकी तार शोधून, ती कापून, मध्ये या मोतद्दाराची नेमणूक करावयाची होती. वायरमन आसनावर उताणा पडला, डोके पेडलांखाली आणि पाय दाराबाहेर अशा स्थितीत टेस्ट लॅम्प एकेका तारेस लावू लागला, आणि तेथूनच त्याचा आवाज येऊ लागला, “साहेब, ही बॅटरीची. ही अॅक्सेसरीची. ही बॉडी अर्थ. आता ही एक हिरवी उरली, ती कशाची ते जपान्यालाच ठाऊक.” पत्रक जपानी लिपीत होते. स्नेह्यांनी भाच्याकडून त्याचा तर्जुमा आधीच मागवून फाइलला लावून ठेवलेला होता. त्यावरून ती तार हँडब्रेकची असल्याचे निष्पन्न झाले.

“ती नाय लावली तरी चालतंय, साहेब. सगळे तशीच सोडत्यात.”

ही तार सोडणे म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे, कारण साऱ्या प्रकरणात खरोखर गंभीर अशी हीच एक बाब आहे. गाडीत कोणी नसता एंजिन चालू राहावयाचे, तर गाडी न्यूट्रलमध्ये असली पाहिजे आणि हँडब्रेक ओढलेला असला पाहिजे. ती तार यावर नजर ठेवते. हँडब्रेक सुटला, की टायमर आपली मुदत रद्द करून एंजिन तत्क्षणी बंद करतो, मग तो हँडब्रेक खोडकर नातवाने सोडलेला असो वा काच फोडून आत शिरलेल्या चोराने. आमच्याकडे मात्र गाडी उभी करण्याची परंपरा वेगळी आहे. पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवावी, आणि उतार असेल तर चाकाखाली वीट लावावी. हँडब्रेक हा अवयव कारखान्याने दिला म्हणून असतो, इतकेच. स्नेह्यांनी ती हिरवी तार आग्रहाने जोडून घेतली, गिअरमध्ये गाडी ठेवण्याची आयुष्यभराची सवय मोडली, आणि तरीही विटेचा त्याग केला नाही. न्यूट्रल शास्त्रासाठी, हँडब्रेक तारेसाठी, आणि वीट मनाच्या शांतीसाठी, अशी तिहेरी व्यवस्था झाली.

पहिल्याच संध्याकाळी आवारात गाडी लागली, स्नेही उतरले, दार लावून चालू लागले, आणि पहारेकरी काठी टाकून धावत आला.

“साहेब, गाडी चालूच राह्यली!”

“असू दे. ती तिची ती बंद होईल.”

“तिची ती?” पहारेकऱ्याने त्यांच्या हातातल्या किल्लीकडे पाहिले, मग घुरघुरणाऱ्या गाडीकडे पाहिले, आणि दोन पावले मागे सरला.

त्या दिवसापासून आवारातील सामाजिक जीवनास नवे वळण लागले. मनुष्य कितीही आत्ममग्न असो, दुसऱ्याच्या घरचा नळ आणि दुसऱ्याच्या मोटारीचे एंजिन वाहते राहिलेले त्याला पाहवत नाही. जे शेजारी वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, ते केवळ ही वार्ता देण्यासाठी दारावरची घंटा वाजवू लागले. वरच्या मजल्यावरून मुले ओरडत, दूधवाला हाक मारी, धोबी कपड्यांबरोबर निरोप देई. स्नेही प्रत्येकास तेलाचा पापुद्रा, लाख फेरे आणि कोळसा ही हकीकत आरंभापासून सांगत. आणि या निरूपणास नेमका टायमरच्या मुदतीहून थोडा अधिक वेळ लागत असल्यामुळे, ते आसाच्या फेऱ्यांपर्यंत आले, की खाली एंजिन आपण होऊन बंद पडे, श्रोत्याच्या मुद्रेवर सुटकेचा भाव उमटे, आणि “बरं झालं, मी सांगितलं ते,” असे म्हणून तो निघून जाई. एका वृद्ध गृहस्थांनी तर एकदा गाडीच्या बॉनेटवर हलकेच थाप मारली, आणि त्याच क्षणी मुदत संपून एंजिन थांबले. तेव्हापासून आपल्या हाताला गुण आहे, अशी त्यांची खात्री पटली, आणि ते रोज संध्याकाळी त्या वेळेस खाली येऊन उभे राहू लागले.

प्रकरण कायद्यापर्यंत नेले ते तळमजल्यावरच्या रावसाहेबांनी. हे निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या खिडकीशी धुराचे नळकांडे येत असल्यामुळे त्यांचा हितसंबंध उघड होता, पण त्यांनी फिर्याद मांडली ती तत्त्वाच्या पातळीवर. मोटार वाहन अधिनियम, १९८८, कलम १२६: सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवावयाचे, तर चालकाच्या आसनावर परवानाधारक मनुष्य असला पाहिजे, नाही तर यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालकाच्या गैरहजेरीत वाहन चुकून चालू लागणार नाही असा दुसरा बंदोबस्त केलेला असला पाहिजे. स्नेह्यांनी प्रथम अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला, की आवार ही सार्वजनिक जागा नव्हे. रावसाहेबांनी व्याख्येचे कलम काढून दाखविले, की जेथे जनतेस प्रवेशाचा हक्क आहे, ती जागा सार्वजनिक; आणि भाजीवाला, पेपरवाला, वर्गणीवाले, इतकेच नव्हे तर निवडणुकीच्या दिवसांत सर्वपक्षीय उमेदवार ज्या आवारात मुक्तपणे शिरतात, ते खासगी कसे? स्नेही म्हणाले, तो हक्क नव्हे, ती आमची सहनशीलता. मग वाद ‘किंवा’ या अव्ययावर येऊन ठेपला. दुसरा बंदोबस्त हा केवळ ब्रेकच्या ऐवजी चालतो, एंजिन तर बंद हवेच, असे रावसाहेबांचे म्हणणे. बंदोबस्त पुरेसा असेल तर एंजिनाचेही प्रयोजन उरत नाही, असे स्नेह्यांचे. आणि बंदोबस्त म्हणून त्यांनी जी वस्तू पुराव्यादाखल हजर केली, ती चाकाखालची वीट होती. निकाल राखून ठेवण्यात आला. गाडी पुढे नळकांडे कुंपणाकडे करून उभी राहू लागली, आणि रावसाहेबांनी फिर्याद मागे घेतली.

या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोणी विचारला नाही, तो असा, की या गाडीच्या टर्बोस त्या आवारात थंड होण्याची गरज होती काय? डिझेलचा धूर मुळात पेट्रोलच्या मानाने कमी तापलेला. त्यात मुख्य रस्ता सोडून घराकडे वळल्यावर सहा गतिरोधक, एक भाजी मंडई, एक मिरवणुकीचा मांडव आणि रस्त्याच्या मध्यभागी रवंथ करणारी गाय, एवढे मुक्काम पार करीत गाडी ज्या चालीने येते, त्या चालीत टर्बो कधीच निवालेला असतो. त्याचा मोतद्दार पुणे महानगरपालिकाच होती. या यंत्राचा खरा उपयोग मी एकदाच पाहिला, तो लोणावळ्यास. खोपोलीकडून बोरघाट चढून गाडी समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर येते, सबंध चढावर टर्बो जिवाच्या आकांताने राबत असतो, आणि चढ संपल्या संपल्या चिक्कीची दुकाने सुरू होतात. टर्बोस विश्रांतीची निकड सर्वांत अधिक असते ती नेमकी तेथे, आणि प्रवाशांस उतरण्याची घाई सर्वांत अधिक असते तीही नेमकी तेथेच. चिक्की हे तिचे सांगण्याजोगे कारण झाले. तेथे टायमर आकडे मोजीत एकटा मागे राहिला, आणि त्याने आपले वेतन हलाल केले.

कारखानदारही स्वस्थ बसलेले नव्हते. त्यांनी टर्बोच्या आधाराभोवती पाणी खेळविले, जे एंजिन थांबल्यावरही केवळ उष्णतेच्या बळावर काही काळ फिरत राहते. काहींनी त्यासाठी विजेचा निराळा पंप दिला. तेलेही अशी निघाली, की सहजासहजी करपत नाहीत. निष्कारण एंजिन चालू ठेवणे हा जर्मनीच्या वाहतूक नियमांत अपराध आहेच, आणि ज्या जपानने टायमर घरोघर पोहोचविला, तेथेही तोक्योसह अनेक प्रांतांनी उभ्या गाडीचे एंजिन बंद ठेवण्याचे नियम केले. स्नेह्यांच्या चिरंजीवांनी अलीकडे घेतलेली लहान पेट्रोल गाडी टर्बोचीच आहे; पण तिची तऱ्हा अशी, की ती सिग्नलला उभी राहिली रे राहिली, की इंधन वाचविण्यासाठी स्वतःचे एंजिन स्वतःच बंद करते आणि क्लच दाबताच पुन्हा चालू करते. त्या गाडीत बसले, की स्नेह्यांचा जीव सिग्नलगणिक कासावीस होतो. “अरे, तेल करपेल!” असे ते म्हणतात, आणि चिरंजीव, “बाबा, आता तसं काही होत नाही,” असे उत्तर देतात. एकाच आवारात, एकाच कुटुंबाच्या मालकीची, एक गाडी घरी पोहोचली तरी थांबत नव्हती आणि दुसरी वाटेतच थांबत होती, आणि आपल्याच गाडीची रीत बरोबर आहे असे दोन्ही पिढ्या शपथेवर सांगत होत्या.

सफारी शेवटी विकावयास काढली. गिऱ्हाईक आपला मिस्त्री बरोबर घेऊन आले, चक्कर मारून परतले, किल्ली काढली, आणि दोघेही जागच्या जागी थिजले. मिस्त्रीने कान देऊन ऐकले, किल्ली पुन्हा घालून पाहिली, पुन्हा काढून पाहिली, आणि निदान केले, “इग्निशन स्विच गेलाय. पाच हजार धरा.” स्नेही पुढे झाले. त्यांनी तांबडे आकडे दाखविले, तेलाचा पापुद्रा सांगितला, लाख फेरे सांगितले, हिरव्या तारेचा तर्जुमा असलेली फाइल आणविली. गिऱ्हाइकाने सारे शांतपणे ऐकून घेतले, आणि मिस्त्रीकडे वळून विचारले, “हे काढून टाकायला किती घेशील?” मिस्त्रीने आणखी एक हजार सांगितले. तेही किमतीतून वजा झाले.